उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

'उन्हात टायर फुटतात, म्हणून मोठ्या चाकांच्या एसयूव्हीत हवा ५ पीएसआय कमी ठेवा' असा मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक). हा सल्ला चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

हवा तापली की दाब वाढतो हे खरं; साधारण साडेपाच अंशांमागे १ पीएसआय. पण कंपनीने दिलेल्या आकड्यात ही वाढ आधीच धरलेली असते. उलट हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, वाकते आणि त्यानेच आतून तापते. वर एक्स्प्रेसवेचा वेग आणि सामानासकट सात माणसं. टायर फुटतो तो असा.

योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. तुमच्याच टायरच्या मापाची ओळ बघा. १७ आणि १९ इंची चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, भरलेल्या गाडीचा तर बहुधा वेगळाच असतो. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

मोठ्या चाकांना रबराची बाजू बुटकी असते. हवा कमी आणि समोर पावसाळ्यातला खड्डा, की धातूचं अलॉय चाक थेट आपटतं.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर उर्से टोलनाक्याजवळ थांबून मोजलीत तर आकडा ३-४ ने वाढलेला दिसेल. ती हवा काढू नका.