‘कॉम्बिनेशन’ म्हणजे नेमकी कुठली ट्यूब?

गणपतीच्या तोंडावर आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “पिंपल्सवर मेडिकलातली कॉम्बिनेशन ट्यूब दिवसातून तीनदा जाड लावा. जळजळली म्हणजे लागू पडली. सात दिवसांत चेहरा साफ.”

कुठलं कॉम्बिनेशन, हे मेसेजात नाहीच, आणि खरी गोम तिथंच आहे. मुरुमांच्या जोडऔषधात बहुधा अडॅपलीन ०.१ टक्का आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के असतं, नाहीतर क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकसोबत बेंझॉइल पेरॉक्साइड (नुसतं क्लिंडामायसिन लावत राहिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून ही जोडी). पण काउंटरवर मोघम नाव सांगितलं की हातात खाज-गजकर्णाची ट्यूबही पडू शकते: स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र. तिनं लाली चटकन उतरते, म्हणून ते ‘सात दिवसांत साफ’. पुढं कातडी पातळ होते, लव वाढते आणि ट्यूब सोडली की मुरुम आधीपेक्षा जोरात उठतात. दुकानाच्या पाटीवर मराठी की कन्नड यावर आपण तासभर भांडू, पण ट्यूबवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायला चष्मा कोण काढत नाही. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांतलं एखादं नाव दिसलं, तर ती ट्यूब मुरुमांची नव्हे.

तीनदा आणि जाड? चेहऱ्यावर खव्याचा कुंदा थापायचा नाहीये. अडॅपलीनची जोडी रात्री एकदाच, धुतलेला चेहरा पूर्ण सुकल्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढी. फोडाफोडावर टिकली लावू नका. आत तयार होणाऱ्या मुरुमांनाही ती लागते. डोळे, ओठ, नाकाचे कोपरे सोडा.

सुरुवातीचे २-४ आठवडे चुरचुर, कोरडेपणा, साली निघणं होतं. मॉइश्चरायझर लावा, झेपत नसेल तर एक दिवसाआड करा. पण आग हे गुण आल्याचं लक्षण नाही. चेहरा सुजला तर ट्यूब बंद आणि थेट डॉक्टर.

सात दिवसांचं म्हणाल, तर फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. यंदाच्या गणपतीसाठी मिरगातच सुरुवात करायला हवी होती.

मेसेजानं गाळलेलंही बरंच आहे. गरोदर बाईनं किंवा दिवस राहण्याचा विचार असलेलीनं अडॅपलीन लावू नये. दिवसा सनस्क्रीन हवं. आणि पेरॉक्साइड रंग खातं: भाचीच्या मरून रंगाच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडले, आणि वहिनी आठवडाभर साबणाला शिव्या देत होत्या. अभ्रा पांढराच घाला.