हजार रुपयांचा खिसा

परवा बँकेत केवायसीचे कागद पुन्हा द्यायला गेलो. टोकनाचा आकडा पाहता दुपार तिथेच जाणार हे उघड होते, म्हणून पिशवीतून रिंग लावलेला शर्ट काढला आणि खिशावरचे अर्धवट भरतकाम पुढे सुरू केले. त्या खिशावर वरणाचा जुना डाग आहे. उन्हात वाळवून तो फिका झाला, पण गेला नाही. तेव्हा त्यावर बाभळीची फुले भरायचे मी ठरवले, कारण पिवळ्या गाठींचे टाके दाटीने घातले की बाभळीचा गोंडा हुबेहूब उठतो आणि हळदीचा डागही त्यात खपून जातो.

गाठीचा टाका मोठा मानी असतो. दोऱ्याच्या ६ पदरांतले २ वेगळे काढायचे, सुई वर घेऊन तिच्याभोवती दोरा गुंडाळायचा, डाव्या हाताने तो ताणून धरायचा आणि सुई जिथून वर आली त्याच्या अगदी शेजारी खाली न्यायची. नेमक्या त्या क्षणी शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वहिनींची तब्येत बरी नाही का?" दोरा सैल पडला आणि गाठीऐवजी एक ओघळलेले वेटोळे तयार झाले.

"ती ठणठणीत आहे. तिला सुईचा कंटाळा आहे," मी म्हणालो.

"मग तुम्ही विकता का हे?"

"नाही. मीच घालणार."

यावर त्यांनी मोबाइलवर हिशेब मांडला. "खिशाला १० तास धरू. तासाला १०० रुपये म्हटले तरी खिसा झाला १००० रुपयांचा. शर्ट केवढ्याला घेतला?"

"६०० रुपयांना."

"म्हणजे शर्टापेक्षा खिसा महाग!" हे त्यांनी साऱ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, आणि सुरतेला हेच काम मशीन किती झटपट करते यावर त्यांचे प्रवचन सुरू झाले. काश्मीरमधले सोजनीचे, म्हणजे शालींवरच्या भरतकामाचे, बारीक काम पुरुषच मोठ्या प्रमाणावर करतात आणि मुंबईतल्या जरदोजीच्या, म्हणजे जरीच्या भरतकामाच्या, कारखान्यांतही कापड ताणलेल्या लाकडी चौकटीभोवती पुरुषच बसलेले असतात, असे मी सांगून पाहिले. ते तुच्छतेने म्हणाले, "अहो, ते पोटासाठी करतात!"

हे मात्र मला लागले. पोटासाठी केले तर कारागिरी, बाईने फुकट केले तर घरकाम, आणि धडधाकट माणसाने मजेसाठी केले तर घरात काहीतरी बिनसलेले असणार! हेच गृहस्थ मघापासून फोनवर कोणाच्या तरी लग्नातले व्हिडिओ मोठ्या आवाजात पाहत होते. त्या वेळेचा तासाचा दर कोणी काढला नव्हता. धारवाडकडच्या कसुती नावाच्या भरतकामात कापडावर नक्षी न छापता कापडाचेच धागे मोजत टाके घालतात, आणि गावंती टाक्यात तर दोन्ही बाजू सारख्या दिसाव्या लागतात. मी ती थोडीफार करून पाहिली आहे. चार धागे सोडून सुई वर, चार सोडून खाली, अशी मोजणी एकदा लागली की विजेचे बिल, हप्ते, साहेबांचा मेल, सगळ्यांची मोजणी आपोआप थांबते. डोके इतके स्वस्तात रिकामे करणारी दुसरी सोय मला ठाऊक नाही. पण हे त्या हिशेबात कुठल्या रकान्यात घालणार?

तेवढ्यात पलीकडच्या आजी पुढे झुकल्या. "माझ्या नातीच्या फ्रॉकवर एवढेच काढून द्याल का? हजार वगैरे नको हं, घरचेच समजून." मी नाही म्हणण्याआधीच गृहस्थ म्हणाले, "देतील की! त्यांना वेळच वेळ आहे."

अखेर माझे टोकन लागले. फॉर्ममधला व्यवसायाचा रकाना माझ्याकडून कोरा राहिला होता. खिडकीतल्या बाईंनी विचारायच्या आतच मागून परिचित आवाज आला, "ते भरतकाम करतात," आणि बाईंनी तत्परतेने 'स्वयंरोजगार' टंकून टाकले. मी नोकरी करतो असे सांगितल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की, नोंद आता झाली आहे, दुरुस्तीचा फॉर्म वेगळा असतो आणि तो दोन नंबरच्या खिडकीवर, नवीन टोकन घेऊन मिळतो.