फिगोवर फेकलेल्या मुंडक्याचे समर्थन करणाऱ्यांना

'गद्दारांना माफी नाही' या मथळ्याचा एक लांबलचक मराठी संदेश सध्या फुटबॉलप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: जुन्या पिढीचे खेळाडू एकाच क्लबात आयुष्य काढत, आजचे पैशासाठी शत्रूच्या दारात जातात, क्लब खेळाडूला घडवतो, म्हणून खेळाडूवर क्लबचा हक्क असतो, खेळाडूचा पगार चाहत्यांच्या तिकिटांतून होतो, म्हणून चाहत्यांचाही हक्क असतो, डेनिस लॉसारख्यांनी तर आपल्याच जुन्या क्लबला खालच्या श्रेणीत ढकलले, तेव्हा बार्सिलोनाच्या प्रेक्षकांनी लुईश फिगोवर डुकराचे मुंडके फेकले ते योग्यच झाले, आणि आता फुटबॉलमध्येही पक्षांतरबंदीसारखा नियम आला पाहिजे.

मी असल्या संदेशांना सहसा उत्तर देत नाही. हा संदेश मात्र परभणीत राहणाऱ्या माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याला त्याच्या जुन्या संघातील मुलांनी पाठवला, आणि पाठवताना फिगोच्या नावापुढे त्याचे नाव जोडले. मुलगा गोलरक्षक आहे. नव्या संघात गोलरक्षकांसाठी वेगळा प्रशिक्षक आहे एवढ्याच कारणाने त्याने संघ बदलला, आणि जुन्या संघाने त्याचे ना हरकत पत्र अजून अडवून ठेवले आहे. ज्या संदेशात मुंडके फेकण्याला शाबासकी दिली आहे, त्यात एका शाळकरी मुलाचे नाव घालून तो फिरवला जात असेल, तर त्यातील प्रत्येक विधान तपासणे भाग आहे.

आधी त्या मुंडक्याचेच पाहू, कारण संदेशातील सर्वांत घातक वाक्य तेच आहे.

फिगो हा पोर्तुगालचा खेळाडू जुलै 2000 मध्ये बार्सिलोनातून तिच्या कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदला गेला. त्याच्या करारात मुक्ततेची रक्कम लिहिलेली होती आणि त्या करारावर बार्सिलोना क्लबची स्वाक्षरी होती. स्पेनमध्ये 1985 च्या शासकीय आदेशानुसार व्यावसायिक खेळाडूला भरपाई देऊन करार संपवता येतो, म्हणूनच तिथल्या करारांत अशी रक्कम लिहिली जाते. ती होती 10 अब्ज पेसेता, म्हणजे सुमारे 6 कोटी युरो, आणि तोपर्यंत कोणत्याही खेळाडूसाठी एवढी रक्कम मोजली गेली नव्हती. ती माद्रिदने भरली आणि बार्सिलोनाने स्वीकारली. त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाने आर्सेनलकडून मार्क ओव्हरमार्स आणि इमॅन्युएल पेती यांना विकत आणले. लंडनमधल्या चाहत्यांचे त्या वेळी काय झाले असेल, याचा विचार संदेशाच्या लेखकाला शिवलेला दिसत नाही.

शिवाय या प्रकरणात निवडणूक होती, हे संदेशात कुठेच सांगितलेले नाही. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना हे दोन्ही क्लब सभासदांच्या मालकीचे आहेत आणि त्यांचा अध्यक्ष सभासदांच्या मतांनी ठरतो. फ्लोरेन्तिनो पेरेझ यांनी फिगोला आणण्याच्या आश्वासनावर माद्रिदची निवडणूक लढवली आणि ते निवडून आले. बार्सिलोनातही त्याच महिन्यात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. संतापलेल्या बार्सिलोनाच्या सभासदाच्या हातात मतपत्रिका होती. मुक्ततेची रक्कम एवढीच का ठेवली, खेळाडू नाराज आहे हे वेळीच का ओळखले नाही, असे प्रश्न आपल्या संचालकांना विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता.

त्याऐवजी 23 नोव्हेंबर 2002 च्या रात्री काम्प नोऊ या बार्सिलोनाच्या मैदानावर, दोन्ही क्लबांच्या सामन्यात काय घडले ते पाहा. फिगो कोपऱ्यावरून किक घेण्यासाठी जाई तेव्हा त्याच्यावर नाणी, बाटल्या, मोबाइल फोन आणि शेवटी डुकराचे कापलेले मुंडके फेकले गेले. पंचांनी दोन्ही संघांना सुमारे पाव तास मैदानाबाहेर नेले. सामना 0-0 असा सुटला, म्हणजे त्या सगळ्या पराक्रमातून बार्सिलोनाला एक गोलही मिळाला नाही. त्या हंगामात बार्सिलोनाची काय दैना झाली होती हे ज्यांना आठवते, त्यांना हेही आठवत असेल की त्या दैनेला फिगोखेरीज बरीच कारणे होती. काचेची बाटली डोक्यात बसली असती तर संदेशाचा लेखक तेही 'योग्यच झाले' म्हणाला असता का, हा माझा त्याला सरळ प्रश्न आहे.

आणि त्याच प्रेक्षकांनी उलट दिशेने आलेल्या खेळाडूचे काय केले? लुईस एन्रिके पाच वर्षे रेआल माद्रिदकडून खेळला आणि 1996 मध्ये करार संपताच थेट बार्सिलोनात दाखल झाला. तिथे तो लाडका झाला, कर्णधार झाला, आणि पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने 2015 मध्ये एकाच हंगामात तीन करंडक जिंकून दिले. माद्रिद सोडून बार्सिलोनात येणे ही निष्ठा आणि बार्सिलोना सोडून माद्रिदला जाणे ही गद्दारी, असा हा हिशेब आहे. स्वतः फिगोसुद्धा बार्सिलोनाने घडवलेला नव्हता. तो घडला लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबात, आणि 1995 मध्ये बार्सिलोनाने त्याला तिथून आणले होते.

'हे सगळे परदेशात, आपल्याकडे फक्त चेष्टा चालते' असे कोणी म्हणेल, तर त्याने कोलकात्याकडे पाहावे. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात मैदानावरच्या धसमुसळेपणाचे लोण प्रेक्षकांत पसरले आणि चेंगराचेंगरीत 16 चाहत्यांचा जीव गेला. त्या दिवशी वाद क्लब बदलण्याचा नव्हता, हे मला मान्य आहे; पण समोरचा संघ म्हणजे शत्रू ही भावना जमावात पेटली की ती कारण विचारत बसत नाही.

आता निष्ठेचा मुद्दा. जुन्या खेळाडूंनी एकाच क्लबात आयुष्य काढले हे अर्धे सत्य आहे आणि उरलेले अर्धे फार कडू आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशी पद्धत होती की खेळाडूचा करार संपला तरी क्लब त्याची नोंदणी स्वतःकडे ठेवू शके. क्लबने 'राखून ठेवला' असे जाहीर केले की त्या खेळाडूला लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळता येत नसे. बीड-धाराशिवकडच्या वाचकाला हे समजायला वेळ लागणार नाही. ऊसतोडीत मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटल्याशिवाय कोयता, म्हणजे मजुरांची जोडी, दुसऱ्या मुकादमाकडे जाऊ शकत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो आहोत. तिथे निदान उचल तरी घेतलेली असते. इंग्लंडच्या खेळाडूने काहीच घेतलेले नसले तरी तो बांधलेलाच असे. दोघांच्या हालांची तुलना मी करत नाही, बंधनाची रीत तेवढी दाखवतो आहे. आणि मुकादमाशी बांधलेल्या मजुराला 'निष्ठावान' म्हणण्याची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

या पद्धतीला जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यायालयात आव्हान दिले. 1960 मध्ये त्याचा न्यूकासल युनायटेडशी असलेला करार संपला, त्याला क्लब सोडायचा होता, क्लबने नकार दिला. तो काही महिने फुटबॉल न खेळता दुसरी नोकरी करत राहिला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस क्लबने त्याला आर्सेनलकडे जाऊ दिले. तरीही त्याने खटला चालू ठेवला आणि 1963 मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूला अशा रीतीने राखून ठेवणे म्हणजे त्याच्या उपजीविकेवर घातलेले असमर्थनीय बंधन आहे. युरोपभर याची पुढची पायरी गाठायला आणखी तीन दशके लागली. 15 डिसेंबर 1995 रोजी बॉसमन खटल्यात युरोपीय न्यायालयाने ठरवले की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे जात असेल, तर जुन्या क्लबला त्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. ज्यांना जुन्या निष्ठेचे उमाळे येतात त्यांनी निदान ईस्टहॅमचा निकाल वाचावा. टॉम फिनी या थोर खेळाडूला 1952 मध्ये इटलीतील पालेर्मोने भरघोस रकमेचे आमंत्रण दिले होते आणि प्रेस्टन क्लबने ते परस्पर नाकारले. फिनी प्रेस्टनमध्येच निवृत्त झाला. त्याचे प्रेस्टनवर प्रेम होते याविषयी मला शंका नाही, पण ज्याला जाण्याची परवानगीच नव्हती त्याच्या राहण्यावरून आजच्या खेळाडूंना धडे देणे अप्रामाणिकपणाचे आहे. इंग्लंडमध्ये 1961 पर्यंत पगारालाही कमाल मर्यादा होती, आठवड्याला 20 पौंड. एवढाच पगार सगळीकडे मिळणार असेल तर पैशासाठी जायचे तरी कुठे?

संदेशात निष्ठेचा आदर्श म्हणून स्टीव्हन जेरार्डचे नाव घेतले आहे. जुलै 2005 मध्ये, चॅम्पियन्स लीग जिंकून दिल्यानंतर काही आठवड्यांतच, जेरार्डने लिव्हरपूल सोडण्याचा लेखी अर्ज दिला होता, चेल्सी त्याला घ्यायला तयार होते, आणि काही चाहत्यांनी त्याची जर्सी जाळली होती. दुसऱ्याच दिवशी त्याने मन बदलले. एका रात्रीत गद्दाराचा देव झाला.

डेनिस लॉविषयीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. मँचेस्टर युनायटेडने 1973 मध्ये त्याला स्वतःहून मोकळे केले, म्हणून तो मँचेस्टर सिटीत गेला. 27 एप्रिल 1974 रोजी त्याने टाचेने मारलेल्या गोलमुळे सिटी 1-0 ने जिंकली हे खरे, पण त्या दिवशीचे इतर निकाल असे लागले की तो गोल झाला नसता तरी युनायटेड खालच्या श्रेणीत गेलेच असते. गोल झाल्यावर लॉने आनंदही साजरा केला नव्हता.

'क्लब घडवतो' हा मुद्दा मी पूर्ण फेटाळत नाही. लहान क्लब मुलांना बूट देतात, सकाळी सहाला मैदानावर उभे करतात, आणि मुलगा चमकला की मोठा क्लब त्याला उचलतो, ही खंत खरी आहे. पण तिच्यावर उपाय म्हणून फिफाने नियम केलेला आहे. खेळाडूची आंतरराष्ट्रीय विक्री झाली की त्या रकमेतील 5 टक्के वाटा त्याला 12 ते 23 या वयात प्रशिक्षण देणाऱ्या क्लबांना वाटून दिला जातो. म्हणजे घडवल्याचा मोबदला पैशात मिळतो, माणूस तारण ठेवून मिळत नाही.

मराठवाड्यात तर हा मुद्दा उलटाच लागू पडतो. आयएसएल या देशातल्या वरच्या फुटबॉल लीगमध्ये आपल्या आठ जिल्ह्यांतला एकही क्लब नाही. परभणी, नांदेड किंवा लातूरच्या मुलाला वर जायचे असेल तर गावातला संघ सोडून आधी छत्रपती संभाजीनगर, मग पुणे, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते, आणि वाटेत किमान दोन-तीन संघ बदलावे लागतात. यांतला एखादा संघ कधी ना कधी त्या मुलाच्या जुन्या संघाविरुद्ध खेळणारच. या मुलांना गद्दारीची भीती घातली तर त्यांच्यापुढे जिल्हास्तरीय स्पर्धेत म्हातारे होणे एवढाच मार्ग उरतो. ना हरकत पत्र अडवणाऱ्या संघचालकांना हा संदेश इतका का आवडला, हे त्यावरून कळते.

तिकिटांच्या मुद्द्यावर फार बोलायला नको. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी काम्प नोऊचे तिकीट काढले आहे ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. आपण बहुतेक जण मध्यरात्री मोबाइलवर सामने पाहणारे लोक आहोत. तिकीट काढले तरी त्या पैशात नव्वद मिनिटांचा खेळ मिळतो, खेळाडूची पुढची दहा वर्षे मिळत नाहीत. पक्षांतरबंदीची मागणी तर अजबच आहे. 1985 च्या घटनादुरुस्तीने आलेला तो कायदा मतदारांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींसाठी आहे, आणि खेळाडूला कोणी मत दिलेले नसते. शिवाय त्या कायद्याने महाराष्ट्रात 2022 नंतर नेमके काय रोखले, हे पाहिलेल्या माणसाने तो फुटबॉलवर लादण्याची मागणी करावी याचे नवल वाटते.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. चाहत्याला लागते ते खोटे नसते. सोल कॅम्पबेल टॉटनहॅममध्ये लहानाचा मोठा झाला, कर्णधार झाला, आणि 2001 मध्ये करार संपवून थेट शेजारच्या आर्सेनलमध्ये गेला; टॉटनहॅमला त्याचा एक पौंडही मिळाला नाही आणि पुढच्याच हंगामात आर्सेनलने लीग आणि करंडक दोन्ही जिंकले. नियमाने त्यात काही गैर नव्हते, तरीही टॉटनहॅमच्या चाहत्याने त्याला शिट्ट्या घालून हैराण केले तर मी त्या चाहत्याला वेडा म्हणणार नाही. पण 2008 मध्ये, म्हणजे सात वर्षांनंतर, तो पोर्ट्समथकडून खेळत असताना टॉटनहॅमच्या काही प्रेक्षकांनी त्याला इतक्या गलिच्छ शिव्या दिल्या की प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यांतील काहींना मैदानावर येण्यास बंदी झाली. शिट्ट्या घालणारा आणि ही बंदी ओढवून घेणारा, हे दोघे एकाच क्लबाचे चाहते होते; पहिल्याची बाजू मी घेईन, दुसऱ्याची घेणार नाही, आणि या संदेशाने घेतली आहे ती दुसऱ्याची.