मुलांचं डोळे-कान-नाक : एकेक बाजू वेगळी तपासा

ताप आला, कान ठणकला, घसा दुखला की मूल रडतं आणि आपण धावतो. मला काळजी वाटते ती न रडणाऱ्या आजारांची. डोळे दोन, कान दोन, नाकपुड्या दोन. जोडीतला एक बिघडला तर दुसरा त्याचं काम उचलतो आणि मुलाला काही कमी आहे हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. मुलाच्याही नाही, कारण त्याने जग कधी वेगळं पाहिलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त नुकसान डोळ्याचं होतं. एका डोळ्याला मोठा नंबर असेल किंवा थोडा तिरळेपणा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारं धूसर चित्र हळूहळू घेईनासा होतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. डोळा वरून अगदी छान दिसतो. मूल धावतं, चित्रं रंगवतं, चांगल्या डोळ्याने सगळं निभावून नेतं. सात-आठ वर्षांनंतर उपचाराला मिळणारा प्रतिसाद कमी होत जातो, म्हणून तीन-चार वर्षांचं झाल्यावर तक्रार नसली तरी एकदा डोळे तपासून घ्याच.

घरी इतकं करता येतं. मूल आवडीचं काही बघत असताना मागून एका डोळ्यावर तळहात धरा, बोटांच्या फटीतून दिसणार नाही असा. मग दुसऱ्यावर. एक डोळा झाकल्यावर मूल निवांत बघत राहतं, पण दुसरा झाकला की हात ढकलतं, मान वळवतं, चिडतं. असं पुन्हा पुन्हा झालं तर जो डोळा उघडा असताना ते चिडलं, त्यात दोष असण्याची शक्यता आहे. मूल चिडलं नाही म्हणून डोळे चांगलेच, असं मात्र समजू नका.

उपचारात आधी चष्मा आणि गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी, बऱ्याचदा रोज दोन तास, जास्त दोष असेल तर सहा. पट्टी चष्म्याच्या काचेवर नको, मुलं कडेने बघतात. ती कातडीवरच चिकटवायची. आणि झोपेतले तास त्यात धरू नका. उघडा डोळा बघत असेल तेवढाच वेळ कामाचा.

फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली तर तो फोटो जपून ठेवा आणि दोन-चार दिवसांत नेत्रतज्ज्ञांना दाखवा. बऱ्याचदा तो नुसता प्रकाशाचा कोन असतो. पण मोतीबिंदू आणि डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असेच दिसतात.

नाकाचं सोपं आहे. सर्दी दोन्ही नाकपुड्यांना होते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, पिवळा किंवा रक्ताळलेला शेंबूड येत असेल तर आत मणी, स्पंजचा तुकडा, खोडरबर असं काहीतरी अडकलंय असंच धरून चाला. चिमट्याने काढायला जाऊ नका. गोल वस्तू निसटून मागे सरकते आणि श्वासनलिकेत जाऊ शकते. चपट्या गोल बॅटरीची जरा जरी शंका असली तर सकाळची वाट बघू नका. ओल्या त्वचेला लागताच तिच्यातून प्रवाह वाहतो, क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. अशा वेळी नाकात वा कानात कसलेही थेंब घालू नका, ओलाव्याने इजा वाढते.

एका कानाने कमी ऐकू येणारं मूल फोन नेहमी दुसऱ्या, चांगल्या कानालाच लावतं आणि हाक मारली की चुकीच्या दिशेला बघतं. गालगुंडानंतर हे मुद्दाम बघा, त्यात कधीकधी एक कान कायमचा जातो. जन्मल्यावरची तपासणी ठीक आली होती म्हणून निर्धास्त राहू नका.

दोन्ही कानांचा एक आजारही असाच गप्प असतो: पडद्यामागे साचलेलं चिकट पाणी. दुखत नाही, ताप नाही. टीव्हीचा आवाज वाढतो, "काय?" वाढतं आणि मुलावर लक्ष नसल्याचा शिक्का बसतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मूल ऐकत नाही म्हणून ओरडा खातं आणि त्याला खरंच ऐकू येत नसतं. बहुतेकांचं हे पाणी तीन महिन्यांत आपोआप जातं. प्रतिजैविकांनी आणि सर्दीच्या गोळ्यांनी त्यात फरक पडत नाही. तीन महिन्यांनंतरही राहिलं तर ऐकण्याची चाचणी करून पडद्यात बारीक नळी बसवायची का ते ठरतं.

कान रात्रभर ठणकला, सकाळी पू आला आणि दुखणं थांबलं, तर तो बरा झालेला नाही. पडदा फुटून आतला दाब मोकळा झालाय. पडदा बहुधा आपोआप भरतो, पण तेल, पाणी, काडी काहीही आत जाता कामा नये, आणि डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला तर त्याच दिवशी.

टॉन्सिल चार ते आठ वर्षांत मोठे दिसतातच, नुसत्या आकाराला घाबरू नका. एकच मोठा असेल तर दाखवा. लाळ गळतेय, गिळता येत नाही, श्वास घेताना आवाज येतोय, मूल पुढे वाकून बसलंय, तर चमचा घालून घसा बघू नका. त्याला बसलेलंच ठेवून थेट रुग्णालय गाठा.

रोज रात्री घोरणं आणि मध्येच श्वास थांबल्यासारखं होणं दिसलं, तर अंगावरचं पांघरूण बाजूला करून छाती दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि तपासणीला सोबत न्या. दवाखान्यात जागं असलेलं मूल तसा श्वास घेत नाही.