साडेपाचशे किलोमीटर, पण तास एक नाही

अमरावतीहून विमानानं तासाभरात मुंबई गाठता येते, असं एका लेखात वाचलं. त्यात अमरावती-मुंबई हवाई अंतर साधारण 550 किलोमीटर दिलंय, ते बरोबर आहे. पण त्यावरून "तासाभरात मुंबई" काढलं, तिथं गणित चुकलं. अमरावतीचं विमानतळ बेलोऱ्याला, तिथली धावपट्टी 1,850 मीटरची, लहान विमानाजोगी. 16 एप्रिल 2025 ला तिथून पहिलं प्रवासी विमान उडालं ते एटीआर-72, पंख्याचं. त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास, मोठ्या जेटसारखा आठशेच्या वर नाही. शिवाय नकाशावरची सरळ रेघ विमानाला मिळत नाही. चढताना-उतरताना वेग कमी, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, मुंबईवर गर्दी असली की वर घिरट्या. म्हणून पावणेदोन तास धरूनच चाला. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे मुंबईहून येताना थोडं लवकर पोचतं, जाताना उशीर.

आता आमचा हिशोब. मी परतवाड्याचा. अमरावती पन्नासेक किलोमीटर, पुढं बडनेरा ओलांडून बेलोरा. म्हणजे दीड-दोन तास रस्त्यात, तासभर आधी पोचायचं, मग उड्डाण, मग मुंबईतली टॅक्सी. सहा तास कुठं गेले नाहीत! तरी रात्रभर रेल्वेत काढण्यापेक्षा बरंच. मागं वडिलांना तपासणीला नेलं, तेव्हा सकाळी निघून दुपारी दवाखान्यात होतो. आमचे बाबा मात्र खिडकीतून संत्र्याच्या बागा शोधत बसले, आन् ढगच दिसले.