खोली भाड्याला की येझदीला?

परवा रात्री सांगलीत हरभट रोडच्या कोपऱ्यावर, बंद शटरच्या पायरीवर, आमची जी जुंपली तिची सुरुवात वकिलानं केली. त्याच दुपारी मी त्याला खोली दाखवली होती. गावभागातल्या आमच्या घराची रस्त्याकडची, दहा बाय चौदाची. गेल्या वर्षापर्यंत तिच्यात भाडेकरू होता. आता एका भिंतीला सागवानी बाकडं आहे, त्याच्यावर काम घट्ट धरायचा व्हाइस बसवलाय, समोरच्या भिंतीला फळ्या आहेत आणि मधोमध वडिलांची १९८२ ची येझदी रोडकिंग मोटारसायकल उभी आहे. इंजिन खाली काढलेलं, टाकी काढलेली, चाकं काढलेली.

"महिन्याला चार हजार येत होते," वकील म्हणाला. "वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. दोन-तीन वर्षं भाडं साठवलं असतंस तर तयार रोडकिंग दारात उभी राहिली असती."

"तयार मला नकोच आहे. मला ती तयार करायची आहे."

"मग गॅरेजला दे आणि रोज जाऊन शेजारी उभा रहा. खोली कशाला अडवायची?"

इतका वेळ मामा गप्प होते. मामा म्हणजे आमच्या भागातले जुने मिस्त्री. जावा-येझदीवरच त्यांचा संसार उभा राहिला, वडिलांची हीच गाडी त्यांनी बारा वर्षं बघितली. आता दुकान मुलानं स्कूटरच्या कामाला लावलंय, मामा संध्याकाळी आमच्यात बसतात. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "म्हंजे मिस्त्रीच्या हातावर भरवसा न्हाय राहिला तुझा. असं सरळ बोल की."

हे मला लागलं. कारण तसं मुळीच नाही, आणि तसं का नाही हे सांगायला मला २०१९ पासून सुरुवात करावी लागली.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा ४० ला आणि धोका ४५ ला, हे सांगलीत शाळेतलं पोरगंही सांगतं. आम्ही माधवनगरला पाहुण्यांकडं निघालो तेव्हा गाडी पोर्चमध्ये तशीच राहिली. परत आलो तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती आणि गाडी चिखलात आडवी पडलेली. गल्लीत जो तो आपली गाडी पुसून किक मारून बघत होता. तेव्हा मामाच चिखल तुडवत गल्लीगल्लीतून ओरडत फिरले, "किक मारू नका! आधी प्लग काढा!" त्यांचं स्वतःचं दुकान तेव्हा पाण्यातून नुकतं वर आलं होतं, आणि तरी ते फिरत होते.

त्यांचं बरोबरच होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टनच्या डोक्यावर पाणी असताना जोर लावला तर वाकतो तो पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. आणि येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये तर कार्ब्युरेटरमधून आलेलं सगळं आधी क्रँककेसमध्येच, पिस्टनखालच्या पेटीत उतरतं, म्हणजे चिखल थेट क्रँकच्या बेअरिंगवर जाऊन बसतो. चार स्ट्रोकच्या गाडीत निदान ऑइल बदलून सुरुवात करता येते. येझदीत पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल तेवढं आत जातं, क्रँकला दुसरं वंगण नाही. पाणी शिरलं की आतलं पोलाद उघडं पडतं.

मामांचं दुकान काही महिने बंद होतं, म्हणून मी गाडी दुसऱ्या एका गॅरेजला दिली. त्यांनी इंजिन खाली घेतलं, हेड काढलं, पिस्टन अर्ध्यावर गंजून बसलाय म्हणून सांगितलं आणि सामान बघतो म्हणाले. चौदा महिन्यांनी मी ती दोन पोत्यांत भरून घरी आणली. कार्ब्युरेटर नव्हता. एका बाजूचं कव्हर भलत्याच गाडीचं होतं. त्या माणसाला मी वाईट म्हणत नाही. त्याच्या दारात पुरातल्या गाड्यांची रांग होती, ज्याला त्याला कामावर जायला गाडी हवी होती, आणि माझी गाडी कुणालाच कुठं घेऊन जाणार नव्हती. ती मागं सरकत गेली, मग भिंतीला लागली, मग तिचे नटबोल्ट दुसऱ्या गाड्यांना लागले.

"मामा, गॅरेजात गाडी उघडी राहिली की ती जागा अडवते," मी म्हणालो. "मिस्त्रीचं पोट गाडी बाहेर काढण्यावर चालतं. माझ्या खोलीत ती सहा महिने उघडी राहिली तर कुणाचं काय जातंय?"

"तेच तर वाईट," मामा म्हणाले. "घरात उघडी राहिली की ती उघडीच राहती. मी किती बघितल्यात असल्या! हौसेनं खोलायची, दोन रविवार धुवायची, तिसऱ्या रविवारी लग्न निघतं. पाच वर्षांनी भंगारवाला किलोवर नेतो. कामाला घाई लागती, लेका. गिऱ्हाईक दारात उभं असलं की हात चालतो."

यावर माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं, आणि अजूनही पूर्ण उत्तर आहे असं म्हणणार नाही. पण त्या पिस्टनचं काय झालं ते मी सांगितलं. हेड काढलेलं होतं, म्हणून सिलिंडरमध्ये वरून डिझेल आणि थोडं गिअर ऑइल ओतलं आणि सोडून दिलं. रोज रात्री जेवण झालं की खोलीत जायचं, पातळी किती उतरली ते बघायचं, पुन्हा भरायचं. चार दिवस ती तसूभर हलली नाही. पाचव्या दिवशी कडेनं झिरपायला लागली. नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून हातोडीनं हलकेच दोन टोले दिले आणि तो केसभर खाली गेला. मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवला. आईला कळलं नाही काय बघायचं, पण ती बघत उभी राहिली. गॅरेजात नऊ दिवस कोण थांबणार? तिथं मोठा हातोडा पडला असता आणि पिस्टनबरोबर रॉडही गेला असता.

मामा काही बोलले नाहीत. मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते नीट कळलं नाही.

मास्तर आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवायचे. त्यांना वर्कशॉप या शब्दावरच आक्षेप होता. "तुझ्याकडं लेथ नाही, प्रेस नाही, बोअरिंग मशीन नाही. ती खोली आहे, वर्कशॉप नव्हे. क्रँक कसा करणार? दोन वेबच्या, म्हणजे बाजूच्या चकत्यांच्या मध्ये पिन दाबून बसवलेली असते. रॉड बदलायचा तर प्रेसवर वेगळा करावा लागतो आणि परत बसवताना दोन्ही बाजू एका रेषेत आणाव्या लागतात. व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, डायल गेज लावायचं, तांब्याच्या हातोडीनं मारत मारत काटा स्थिर करायचा. शतांश मिलिमीटरचं काम आहे. चुकलास तर गाडी हँडलपासून पायापर्यंत थरथरेल आणि बेअरिंगं वर्षभरात जातील."

मी म्हणालो, ते काम कुपवाडच्या एमआयडीसीतच जाणार. बोअरिंगही तिकडंच. गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मुळात ६५ मिलिमीटर, पण सिलिंडर गंजानं खाल्लाय, तेव्हा ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घ्यायचा, त्याचं माप लेथवाल्याच्या पुढ्यात ठेवायचं आणि मग सिलिंडर कापायला द्यायचा. उलटं केलं तर फसतो. मास्तरांना हे पटलं असावं, कारण त्यांचा पुढचा प्रश्न वेगळाच होता: टाकीला वेल्डिंग कुठं करणार?

"घरात नाही," मी म्हणालो.

"कुठंच नाही, आतली वाफ पुरती गेल्याशिवाय! रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आणि इंजिन चालू करायचं ते दार उघडून, गाडी बाहेर ओढून. बंद खोलीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळतसुद्धा नाही आणि झोपवतो. वाळूची बादली ठेव, पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर ठेव. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नाही." वाळूची बादली आहे. एक्स्टिंग्विशर मी दुसऱ्याच दिवशी आणलं.

बंड्याला हे सगळं लांबण वाटत होतं. त्याच्या मते एवढा खर्च करायचाच आहे तर टाकी मॅट काळी करावी, मागचं मडगार्ड उडवावं, जाड टायर घालावेत. यावर मी तोंड उघडायच्या आत वकिलानंच त्याला झापलं. मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ काढलं, मग २०२१ चा व्हिंटेजचा नियम काढला: ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तरच ती नोंद मिळते, तिच्या नंबरात व्हीए अक्षरं येतात. "याची गाडी २०३२ साली पन्नाशीची होईल," वकील म्हणाला, "मूळ रूपातच राहिली पाहिजे." भाड्याचा हिशेब मांडणारा माणूस २०३२ पर्यंत पोचला याचा मला मनापासून आनंद झाला. मला स्वतःला त्या नंबराचं तितकं नाही. पण ती टाकी, एका सिलिंडरचे ते दोन सायलेन्सर, किकचा दांडा दुमडून त्याचाच गिअर करायचा ती सोय, यातलं काही बदलायला माझा हात धजणार नाही. येझदी बनवणारी मैसूरची कंपनी १९९६ मध्ये बंद झाली. येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परत आलं, चांगल्या आहेत त्या, पण ही गाडी आता नव्यानं कुणी बनवत नाही.

"फळ्या कुठवर लावल्यास?" मामांनी मधेच विचारलं.

मी सांगितलं, सगळ्यात खालची फळी पुराच्या रेघेच्या वर एक हात. त्या रेघेवर आम्ही मुद्दाम रंग मारलेला नाही. हत्यारं, सामानाचे पत्र्याचे डबे, प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ती वही, सगळं तिच्या वर. खाली फक्त बाकडं आणि चेसिस.

"आणि एकोणीसची रेघ म्हंजे शेवटची, असं कुणी सांगितलं तुला?" मामा म्हणाले. "दोन हजार पाचला पाणी आलं, तवा आमीबी असंच म्हणालो. दुकानातलं सगळं सामान पाचच्या रेघेच्या वर लावलं. एकोणीसला ते सगळं बुडालं."

हा मुद्दा मी मान्य केला. इंजिन दोघं मिळून जिन्यानं वर नेऊ शकतात, चेसिसलाही चौघं लागत नाहीत, पण हे आदल्या दिवशी करायला हवं, पाणी गल्लीत आल्यावर नाही. मास्तर म्हणाले, छताच्या तुळईला चेन पुली लाव. वकील म्हणाला, खोली वरच्या मजल्यावरच हवी होती. मग बंड्यानं कोयनेच्या विसर्गाचा विषय काढला आणि चर्चा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर गेली. आमच्याकडं ती एकदा तिकडं गेली की अर्धा तास परत येत नाही.

उठताना मामांनी विचारलं, क्लचच्या स्प्रिंगा दाबायचं हत्यार आहे का. नाही, म्हणालो. स्क्रू ड्रायव्हरनं ओढाओढ करून खाचा खराब करायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलं. ते हत्यार त्यांच्याकडं आहे, त्यांनी स्वतः लेथवरून करून घेतलेलं.

"सोमवारी घेऊन येतो. पण तुझ्या खोलीत ठेवणार न्हाय, संध्याकाळी परत नेणार. आणि दिवाळीआधी किक बसली पायजे."

तारखेवरून आमचं चौकापर्यंत वाजत राहिलं. मी ती कबूल केलेली नाही. सोमवारसाठी बाकड्याजवळ एक जादा स्टूल मात्र ठेवलंय.