मत बाळगणाऱ्या परदेशस्थांसाठी सावधगिरीच्या सूचना

अमेरिकेत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेल्या, आणि तरीही ज्यांच्यापाशी थोडेफार राजकीय मत शिल्लक राहिले आहे अशा मराठी बांधवांनी प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. १९४५ साली, ऑस्ट्रेलियातून आलेले कामगारनेते हॅरी ब्रिजेस यांच्या खटल्यात, देशात राहणाऱ्या परकीयांनाही भाषणस्वातंत्र्य आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा स्वातंत्र्य आहेच. ते वापरून पाहण्याची घाई मात्र करू नये.

कारण स्थलांतरविषयक कायद्यात असेही एक कलम आहे की, एखाद्याच्या वास्तव्याने परराष्ट्र धोरणावर गंभीर प्रतिकूल परिणाम होईल असे परराष्ट्रमंत्र्यांना सकारण वाटले, तर त्याला हद्दपार करता येते. घरात ज्याच्या मताला चहातल्या साखरेबाबतही कोणी विचारत नाही, त्याच्या घोषणेने महासत्तेचे धोरण डळमळते, हा सन्मान नम्रपणे स्वीकारावा. कोलंबिया विद्यापीठात पॅलेस्टाईनच्या बाजूने आंदोलन करणाऱ्या महमूद खलील यांना मार्च २०२५ मध्ये तो लाभला. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होते. तरीही त्यांना न्यूयॉर्कहून लुइझियानातील बंदिगृहात नेण्यात आले आणि न्यायालयाने जूनमध्ये सोडेपर्यंत ते तेथेच राहिले. दरम्यान त्यांना मुलगा झाला, तोही त्यांच्या गैरहजेरीत. टफ्ट्स विद्यापीठातील रुमेसा ओझटर्क यांनी तर इतर तिघांसह विद्यार्थ्यांच्या दैनिकात त्याच विषयावर एक लेख लिहिला होता. वर्षभराने साध्या वेशातील, तोंड झाकलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांना रस्त्यातच गाठले. विद्यार्थ्यांचे दैनिक कोणी वाचत नाही, असे जे आपण समजत होतो, ते किती चुकीचे होते!

३० सप्टेंबर २०२५ रोजी बोस्टनमधील न्यायाधीश विल्यम यंग यांनी, देशात कायदेशीरपणे राहणाऱ्या परकीयांना नागरिकांइतकेच भाषणस्वातंत्र्य आहे, असा निर्वाळा दिला. तो निकाल जरूर वाचावा, आवडला तरी लाइक मात्र करू नये.

समाजमाध्यमांचे पथ्य जरा नाजूक आहे. २०१९ पासून व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतील सर्व खात्यांची नावे द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आणि त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरपासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना ती खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवण्यास सांगण्यात आले आहे. मग खातेच बंद करावे, असा विचार एखाद्या चतुर माणसाच्या मनात येईल. परंतु हार्वर्डला जाऊ इच्छिणाऱ्यांबाबत वकिलातींना धाडलेल्या सूचनेत, खाते खासगी असणे किंवा मुळीच नसणे हेही लपवाछपवीचे लक्षण ठरू शकते, असे म्हटले होते. सारांश, खाते असावे, उघडे असावे आणि त्यात काहीही नसावे. आकाशकंदील, लेकीचे भरतनाट्यम, मंडळाच्या गणपतीपुढील मोदक हे चालेल. वारीची छायाचित्रे टाकताना मात्र सांभाळावे. हजारो माणसे झेंडे घेऊन घोषणा देत राजधानी नसलेल्या गावाकडे का निघाली आहेत, हे समजावून सांगण्याची पाळी येऊ शकते.

विमानतळावर फोन मागितला जाऊ शकतो. म्हणून विमान उतरण्यापूर्वीच तो पूर्ण बंद करावा, बोटाच्या ठशाऐवजी लांबलचक पासकोड ठेवावा, आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण तो ज्या फोनमध्ये जपून ठेवलेला असतो तोच फोन आधी जातो. पासकोड सांगण्यास नागरिकाने नकार दिला तर फोन ठेवून घेतला जाईल, पण त्याला देशात येऊ द्यावेच लागते. व्हिसाधारकाला मात्र परतीच्या विमानात बसवता येते. फोन उघडून दिलाच, तर पुढचा अर्धा तास तो अधिकारी ‘जोशी परिवार’ नावाच्या ग्रुपमध्ये शिरलेला असेल. सुप्रभाताची कमळे, गुडघेदुखीवरचा काढा आणि आपल्या आत्येभावाने पाठवलेला, जगातील चार धर्म व सहा राष्ट्रांचा बंदोबस्त सुचवणारा मजकूर, हे सारे आपण पाठवलेले नाही, हे त्याला पटवून देताना आवाज शांत ठेवावा. आत्येभाऊ सांगलीत निर्धास्त झोपलेला असतो.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकता शिकता इंग्रज सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीत उतरले आणि मायदेशी परतता न आल्याने पुढे मेक्सिकोत मक्यावर संशोधन करत राहिले. त्यांच्या जयंतीला अभिमानाचा संदेश पाठवणे पूर्णतः सुरक्षित आहे. आपल्या मुलाने त्यांच्यासारखे काही केल्यास त्याला त्याच दिवशी फोन करून अभ्यासात लक्ष घालण्यास सांगावे.

अमेरिकेचे नागरिक झाल्यावर ही सर्व पथ्ये संपतात, असा समज असणाऱ्यांनी पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांच्याकडे पाहावे. सिएटलच्या नगर परिषदेत असताना त्यांनी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध ठराव मांडला आणि जातिभेदावर बंदी आणली. पुढे आजारी आईला भेटण्यासाठी मागितलेला भारताचा व्हिसा त्यांना वारंवार नाकारला गेला. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाविना भारतात येऊ देणारे कार्ड, असलेल्यांनीही ते रद्द करता येते, हे विसरू नये. तेव्हा एका देशात राहण्यासाठी त्या देशाबद्दल आणि दुसऱ्या देशात आईला भेटण्यासाठी त्या देशाबद्दल गप्प राहावे; उरलेल्या देशांवर कडाडून टीका करण्यास हरकत नाही, फक्त ते या दोघांपैकी कोणाचे मित्र नाहीत ना, हे त्या दिवशीच्या बातम्यांत सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी पाहून घ्यावे. तेही जिकिरीचे वाटल्यास पुण्याच्या वाहतुकीवर लिहावे. त्यावर परराष्ट्र खात्याने हरकत घेतल्याचे अद्याप ऐकिवात नाही. महापालिकेची निवडणूक जवळ आली असेल, तर मात्र तेवढे दिवस थांबलेले बरे.